चार बोटांचा रुपया

अकोल्याच्या आमच्या किसनमामांना मोजता येत नसे, आणि गल्लीतल्या पोरांना बचत शिकवायची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती!

मामा देवळासमोर फुलं विकत. हार हातानं मापायचा, एवढंच त्यांचं गणित. लढाईच्या त्या दिवसांत सरकारनं भोकाचा पैसा काढला. मामांचे हात शिवशिवले. भोक दिसलं की ओवायचं, हा हाडाचा माळी! त्यांनी दुकानाच्या फळीवर पाच खिळे ठोकले, आम्हा पाच पोरांचे. शाळेतून येताना कुणाच्या मुठीत पैसा दिसला की हाक आलीच.

"काय घेऊन राह्यला बे? गोळी? आन इकडं! फूल संध्याकाळी सुकते, पैसा नाही सुकत."

पैसा दोऱ्यात जायचा. माळ तोडायची ती पुरी झाल्यावरच. पुरी म्हणजे किती? तर चार बोटं! मामा बोटं आडवी लावून जाहीर करत, "झाला रुपाया." तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट. माझ्या वकील वडिलांनी एकदा मामांची फजिती करायला म्हणून माळ मोजली. बरोबर चौसष्ट भरले. वडिलांनी पुन्हा मोजले. पुन्हा चौसष्ट!

आम्हाला हवा होता फुटबॉल. खरा, चामड्याचा, पाच रुपयांचा. दसऱ्याला पलीकडच्या गल्लीशी सामना ठरला होता. आदल्या दिवशी मामांनी माळा उतरवल्या. चौघांची चार-चार बोटं, माझं एकच! बाकीचे पैसे मी मागच्या बोळानं जाऊन पेपरमिंटात उडवले होते. चौघांनी माझ्याकडं असं पाहिलं, की धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

सहाव्या खिळ्यावर मामांची स्वतःची माळ होती, चांगली वीतभर. मामांनी तिच्यातून तीन बोटं काढली आणि माझ्या माळेत ओवली.

"जा बे. हरून आले त तंगडे तोडतो."

आम्ही जिंकलो! तीन गोल, त्यातला एक माझा. मामांनी पाचही जणांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले. ऐन दसऱ्याला, तेही फुकट!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाजीवाल्या गंगूमावशीनं मला गाठलं.

"नाचून राह्यला मोठा! ते वीतभर कायले होतं, ठाव हाये? त्याची पोरगी तेल्हाऱ्याले दिली. तीन दिवाळ्या झाल्या, माहेरी आली नाही. तिले आणाचं मोटारीचं भाडं होतं ते. एवढी वीत भरली, अन् तुह्या पेपरमिंटापायी तुटली."

मी तसाच पळत सुटलो. चौघांना सांगितलं. त्या दिवसापासून पाचही जणांच्या हाती येईल तो पैसा नव्या दोऱ्यात जाऊ लागला, आणि दोरा मावशीच्या वांग्यांच्या टोपलीखाली. पेपरमिंटवाल्यासमोरून मी नाक दाबून पळायचो.

धनत्रयोदशीला सकाळीच मी तीन बोटं माळ मामांच्या हातात ठेवली. मामांनी ती आपल्या माळेला जोडली. एका टोकाला अंगठा लावला, दुसऱ्याला करंगळी. काढली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही लावली.

"मामा, पुरी आहे. मी मोजलेत."

"मोजले काहून बे?" मामा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत गरजले. "माह्या बोटायवर भरोसा नाही?"

मोटारीच्या अड्ड्यावर आम्ही पाचही जण मामांना पोचवायला गेलो. कंडक्टर माळ पाहून वैतागला, "एवढी चिल्लर कोन मोजन?"

"मोजतं कशाले? बोटं लाव!"

पाडव्याला परतीच्या मोटारीतून आधी लेक उतरली. मागून तिचं गाठोडं डोक्यावर घेतलेले मामा. गर्दी कसली, चार बैलगाड्या आणि आम्ही. तरी मामा साऱ्या अड्ड्याला ऐकू जाईल असे ओरडत होते, "सरका बे, सरका! माही पोरगी आली!"