चांदी म्हशीचा अभ्यास

त्या पहाटे उदगीरच्या मल्लिनाथअप्पांच्या गोठ्यात चांदी म्हशीने पान्हा चोरला. पुढ्यात सरकीच्या पेंडीचे घमेले होते, रेडकू ढुशा देऊन थकले होते, आणि अप्पांच्या दोन गुडघ्यांमध्ये धरलेली बादली मात्र कोरडी ठणठणीत होती.

"आवो, झोपले का काय?" कमलम्मांनी दारातून विचारले.

"म्हैस पान्हाच सोडंना गेली."

"सोडंल कशी? तिची वाचणारी गेली की लातूरला!"

ही वाचणारी म्हणजे त्यांची सून शिवकन्या. ती पशुवैद्यकाच्या पदविकेला बसली होती आणि काल सायंकाळी परीक्षेसाठी लातूरला बहिणीकडे रवाना झाली होती. घरात टीव्हीचा गलका असल्यामुळे गेली दोन वर्षे ती धारेच्या वेळी गोठ्यातच कडब्याच्या पेंढीवर बसून मोठ्याने पाठांतर करीत असे. जनावरांचे आरोग्य, जनावरांचा आहार, जनावरांचे मानसशास्त्र! अप्पा चांदीच्या कुशीला कपाळ टेकून, अर्धोन्मीलित नेत्रांनी धार काढीत ते श्रवण करीत. सातवीत सुटलेली शाळा त्यांना त्या धुक्यात पुन्हा भेटे. 'ऑक्सिटोसिन' हे त्यांना एखाद्या दूरच्या स्टेशनाचे नाव वाटे, जिथे गाडी पहाटे क्षणभर थांबते आणि कोणीच उतरत नाही. त्यातले त्यांना फार थोडे कळे. परंतु न कळलेलेच अधिक गोड वाटे.

सुनेच्या शिक्षणाला कमलम्मांनी एकाच अटीवर संमती दिली होती, की घरच्या दुधाची घडी मोडता कामा नये. ती घडी आज मोडली होती.

"सांजच्याला बी दूध न्हाई आलं, तर मी पोरीला माघारी बोलावणार," त्या म्हणाल्या. "उद्याचा पेपर ऱ्हाऊ द्या. म्हैस आटल्यावर पदवी चाटायची का?"

सुनेच्या प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून अप्पांनीच, जीभ दातांत धरून, सही केली होती.

दुपार ढळल्यावर त्यांनी प्रथम शिवकन्येची जुनी हिरवी साडी धोतरावरून अंगाभोवती गुंडाळली. ओळखीच्या वासाने म्हैस फसते, असे त्यांनी ऐकले होते. त्याच क्षणी चहाच्या हॉटेलचे मालक ईश्वरप्पा दुधाचा कॅन घेऊन दारात उभे राहिले.

"अप्पा! मुहूर्त कवाचा हाय?"

"गप बस. इथं पान्ह्याची पंचाईत हाय."

चांदीने पदर हुंगला, ओळखला, आणि शांत चित्ताने चघळावयास घेतला.

"तिला शिकवणी ऐकायचा नाद लागलाय ना? मग हे घ्या," म्हणत ईश्वरप्पांनी मोबाईलवर कोण्या विद्वानाचे पशुआरोग्यावरील व्याख्यान लावले. त्या गृहस्थांचा आवाज एवढा भारदस्त निघाला, की चांदीने दचकून लाथ झाडली. बादली गडगडत अंगणात गेली, कॅन गव्हाणीत पडला, आणि व्याख्यान शेणात रुतूनही चालूच राहिले.

"माझा फोन! आयला, अजून बोलायलंय बेणं!"

शेवटी अप्पांनी सुनेची वही आणली. "पा-न्हा ही... प्र-ति-क्षि..." एकेक अक्षर उचलताना त्यांना घाम फुटला. चांदीने मान वळवून त्यांच्याकडे असे काही पाहिले, जसे तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकाकडे पाहत. साहेबांपुढे वाचताना अडखळलेला सातवीतला तो दिवस आठवून अप्पांनी वही मिटली. आता उपाय उरला नव्हता. हताश होऊन त्यांनी अंगणातली बादली आणून सवयीने गुडघ्यांत धरली, चांदीच्या उबदार कुशीला कपाळ टेकले व डोळे मिटले.

आणि त्या अंधारात कोठूनतरी गाडी आली.

"पान्हा ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे," अप्पांचे ओठ आपोआप हलले. "ओळखीचा आवाज, ओळखीचा स्पर्श आणि ठरलेली वेळ यांमुळे मेंदूकडून ऑक्सिटोसिन..."

स्टेशन येताच बादलीत पहिली धार वाजली. चुळ्ळ! ईश्वरप्पा शेणाचा फोन हाती धरून तसेच उभे राहिले. दारातून पाहणाऱ्या कमलम्मा दुधाचे पातेले आणायला आत गेल्या.

परंतु दिवे लागल्यावर लातूरहून फोन आला. शिवकन्या रडत होती.

"मामा, प्रश्न वाचला की डोकं रिकामं व्हायलंय. तिथं धारंचा आवाज न्हाई, चांदीचा वास न्हाई. शिपायानं पिंपात पाणी वतलं, तवा कुठं निम्मं आठवलं. उद्या मानसशास्त्राचा पेपर हाय. मी घरी येते."

"येऊ नको माय," अप्पा घाईने म्हणाले. "पहाटं फोन लाव. धार ऐकत पाठ म्हण."

दुसऱ्या पहाटे फोन खुंटीला टांगला गेला. लातूरमध्ये शिवकन्या पाठ म्हणू लागली आणि उदगीरमध्ये चांदी पान्हा सोडू लागली. फेस वर चढत होता. अप्पा पुन्हा त्या धुक्याच्या गावी पोहोचले होते. एवढ्यात पलीकडचा आवाज अडखळला.

"मामा, शेवटचा मुद्दा... न्हाई आठवत ओ. गेलं सगळं."

धार बारीक झाली. अप्पांनी स्मरणशक्तीला ताण दिला. त्या मुद्द्याच्या सुमारास ते रोज पेंगत असत.

"जनावर भ्यालं की पान्हा चोरतं," गोठ्याच्या कोपऱ्यातून आवाज आला. शेणाची पाटी कमरेवर घेऊन कमलम्मा उभ्या होत्या. "म्हणून धारंच्या वक्ताला त्याला भिववू न्हाई. आन् तू बी तेच करायलीस. भिऊ नको. लिवून ये."



"आत्याबाई! तुम्हाला कसं..."

"दोन वर्सं मी काय बहिरी हाय?"

अप्पांनी आश्चर्याने मान वर केली. मात्र त्यांचे हात थांबले नव्हते, कारण चांदीने पान्हा पुन्हा मोकळा सोडला होता.