विमलची दुपार

विमल सोनटक्के वारली त्याच्या चौदाव्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता, वरच्या कचेरीतले लिपिक नदाफ तिला घेऊन बार्शीच्या घरी आले. नवऱ्यासोबत किंवा बायकोसोबत एकही अख्खी दुपार न घालवता जे मरतात, त्यांना चार तासांसाठी घरी पाठवायचं, असा नियमच आहे. तिचे यजमान रघुवीरराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांना ते जमलं नव्हतं.

"दोघांनी बसायचं, बोलायचं," नदाफ म्हणाले. "मी ओट्यावर आहे. पुन्हा आणता येणार नाही, तेवढं ध्यानात ठेवा."

विमल पलंगाच्या कडेवर पाहुणीसारखी टेकली. तिला नेताना नेसवलेली तीच हिरवी साडी अंगावर होती. रघुवीररावांना हायसं वाटलं. दोन आठवडे त्यांची फार आबाळ झाली होती. ते वही-पेन घेऊन समोर बसले.

"अगं, गॅसचं पुस्तक कुठंय?"

"फडताळात. वरच्या खणात."

"आणि ती मोटर पाणीच ओढेना झालीय."

"आधी वरून तांब्याभर पाणी ओतायचं. मग बटण."

लोणच्याची बरणी, इस्त्रीवाल्याचा वार, त्यांच्याच धाकट्या बहिणीचा नंबर. त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं. त्यात दीड तास गेला. मग विचारायला काही उरलं नाही.

"दवाखान्यात तुम्ही रोज यायचात," विमल म्हणाली. "पण खांद्यावरची पिशवी कधी खाली ठेवली नाहीत. वाटायचं, आज ठेवतील."

"ड्यूटी होती गं."

"हो. म्हणून काही म्हटलं नाही."

"मग आता बोल की. बसलोय ना मी."

"तेव्हा बोलायचं होतं. काय ते आता आठवत नाही."

रघुवीररावांनीच काही बोलायचं ठरवलं. हिला काय आवडायचं, ते आठवून पाहिलं. आठवली ती तीन पाचची लातूर गाडी. त्यांची नजर घड्याळाकडे गेली आणि विमलने ते पाहिलं. ती उठली, पदर सावरून ओट्यावर गेली.

"दादा, थोडं आधी निघालं तर चालतं का?"

नदाफांना नवल वाटलं नाही. "चालतं. यजमानांची सही लागते."

रघुवीरराव दारात आले. 'थांब' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण थांबवून पुढे काय करायचं, ते काही सुचेना. नदाफांनी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली.

"कारणात काय लिहू?" नदाफांनी विचारलं.

"लिहा काहीही," विमल म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

उन्हात दोघं कोपऱ्यापर्यंत दिसत होते. विमल पुढे होती. नदाफांना तिच्या मागून भराभर चालावं लागत होतं.

शेजारच्या भामाबाई फाटकापाशी आल्या. "वहिनी आल्या होत्या म्हणे? मला भेटल्या पण नाहीत."

"हो," रघुवीरराव म्हणाले. "घाईत होती."