दहाव्याला गेलेला पासवर्ड

बोरी बुद्रुकच्या अमृतने सकाळी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि कपाळावर हात मारला. सर्व्हरने पासवर्ड मागितला होता!

त्या सर्व्हरवर अंध वाचकांना मराठी पुस्तकं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चालायचं. फुकट, कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं असं. ते लिहिणाऱ्यांची नावं सगळ्यांना ठाऊक. ते रोज चालू ठेवणारा अमृत कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. आता अकराशे वाचकांची पुस्तकं मुकी झाली होती. चोराला ओळखता येऊ नये म्हणून पासवर्ड पाच असंबद्ध शब्दांचा होता, आणि तो खुद्द अमृतलाही आठवत नव्हता. चिठ्ठी मात्र त्याने घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली होती. आहेरात आलेल्या टॉवेलच्या घडीत! आहेराचा टॉवेल कधी कुणी उघडतं का? तो फक्त या घरातून त्या घरात फिरतो.

कपाट रिकामं होतं. त्याने आईला फोन लावला.

"आये, टॉवेल कुठंय?"

"येडगावला दहाव्याला आणलाय," साळुबाई म्हणाली. "सखूमावशीचा नवरा, भिकाभाऊ गेला, पण तुला काय त्याचं? बस तू कॉम्प्युटर कुरवाळत!"

अमृत धावतपळत येडगावला पोचला. नदीकाठच्या मांडवात दुखवट्याच्या टॉवेलांचा ढीग होता. चाळीस टॉवेल, सगळे जुळ्या भावांसारखे. अमृत एकेक चाचपू लागला.

"काय राव, दिलेला परत न्यायला आला का?" मयताचा पुतण्या गोकुळ खेकसला.

मोबाईलवर निरोपावर निरोप येत होते : पुस्तक कधी सुरू होणार? अमृतचा चेहरा इतका उतरला की मागच्या बायका कुजबुजल्या, "लई जीव व्हता गं ह्याचा भिकाभाऊवर."

तेवढ्यात गोकुळने ढिगातला एक टॉवेल प्रवचनाला आलेल्या सावळाराम महाराजांना मानाचा म्हणून दिला. महाराज घामाघूम झालेले. त्यांनी चक्क घडी मोडली, आणि चिठ्ठी त्यांच्या मांडीवर पडली!

"मंडळी, भिकाजींनी मागं ठेवलेली चिठ्ठी!" महाराज माईकवर गरजले. "उंट! म्हणजे हा देह, ओझी वाहणारा. कुलूप! म्हणजे मोह. शिडी! म्हणजे भक्ती. पाऊस! म्हणजे कृपा."

अमृत मान खाली घालून मोबाईलवरून सर्व्हरला भराभरा शब्द टाकत होता. चार झाले.

"आणि पाचवा शब्द," महाराज थांबले, "तो ज्याचा त्यानं शोधायचा."

अमृत ताडकन उठला. "महाराज, न्हाई सापडत! पाया पडतो, सांगा!"

मांडवात हुंदके फुटले. महाराज खाली आले, त्याला छातीशी धरलं आणि कानात म्हणाले, "पोरा, शेवटचा शब्द लई बारीक लिवलाय. चष्मा घरी राह्यला माझा." चिठ्ठी त्यांनी त्याच्या मुठीत कोंबली.

अमृतने शब्द टाकला. अकराशे वाचकांची पुस्तकं बोलू लागली. मग त्याने घाईघाईने पासवर्ड बदलला, कारण जुना आता अख्ख्या येडगावला पाठ होता.

सखूमावशी हळूहळू जवळ आली. डोळे सुजलेले.

"सापडला का रं त्यांचा शब्द?"

"सापडला, मावशी."

"काय व्हता?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला खोटं सांगवेना. "वांगं."

मावशी नदीकडे वळली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मागितलं व्हतं त्यांनी. म्हणलं, उद्या करते. राह्यलंच बघ."