चोरीला न जाणारा पंख

नामांकित संघांच्या गाड्यांची गुपितं दर हंगामात रीतसर चोरीला जातात. शर्यतीत कायम शेवटी येणाऱ्या संघाचं मात्र एकही गुपित आजवर कोणी चोरलं नव्हतं. ही बाब गंभीर असल्याचं संघमालकांनी आपल्या डिझायनरला कळवलं. डिझायनर त्यांची सख्खी भाची.

"या शर्यतीत आपलं काही चोरीला गेलं नाही, तर तुझी नोकरी गेली समज."

"मामा, चोर मी कुठून आणू?"

"तो तुझ्या खात्याचा प्रश्न."

भाचीने गाडीचा मागचा पंख, म्हणजे वेगात गाडीला जमिनीवर दाबून धरणारी आडवी फळी, काढून गॅरेजबाहेर ठेवला. वरचं कापड काढलं. दिव्याचा झोत टाकला. शेजारच्या, म्हणजे जगज्जेत्या संघाचे लोक त्याला वळसा घालून ये-जा करू लागले. एकाने त्यावर हेल्मेट वाळत ठेवलं.

(इथे चोरी अपेक्षित होती. ती झाली नाही. कथा नाइलाजाने पुढे चालू.)

दुपारी शेजारचा मेकॅनिक पंख खांद्यावर घेऊन आला.

"ताई, हा बाहेरच राहिला होता तुमचा."

"चोरलात ना?" तिने आशेने विचारलं.

"छे हो. बघवेना, म्हणून कोन जरा नीट करून आणलाय. आमच्या गाडीसारखा."

शर्यतीत मामांची गाडी चौथी आली. शर्यतीच्या समितीने तातडीने सुनावणी लावली.

"हा कोन शेजाऱ्यांचा आहे. तुमच्याकडे कसा?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यांनीच आणून दिला."

"म्हणजे चोरी, तीही गुपिताच्या मालकाच्या संगनमताने."

(समितीचं चहापान.)

निकाल: चौथा क्रमांक रद्द. गुपित चोरल्याबद्दल मामांच्या संघाचे दहा गुण वजा. गुपित न सांभाळल्याबद्दल शेजाऱ्यांचेही दहा वजा. मेकॅनिकला कोणालाही मदत करण्यास वर्षभर मनाई.

अडचण एवढीच आली, की मामांच्या खात्यात वजा करायला एकही गुण नव्हता. समितीने नियमांचा आदर राखून त्यांना आधी दहा गुण बहाल केले आणि मग कापले.

"पोरी, गुण मिळाले गं आपल्याला," मामांनी डोळे पुसले. "घटकाभर का होईना. आता आपण मोठ्या संघांत जमा."

भाचीची नोकरी पक्की झाली.

प्रेक्षकांनी मात्र "चोर, चोर" म्हणत दोन्ही संघांची हुर्यो उडवली. खेळात सचोटी उरली नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्याच संध्याकाळी पुढच्या शर्यतीच्या तिकिटांसाठी रांग लागली. तुम्ही माझ्या पुढे होतात.

आला होतात मात्र माझ्यानंतर.