तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

सरकारी पैसा कुठे खर्च व्हावा हे जनतेलाच विचारलं पाहिजे, असं आमचे खासदार कुसाकाबे साहेब यांच्या मनाने घेतलं आणि ते तोक्योहून थेट आमच्या डोंगरातल्या गावी आले. सभागृहात आम्ही बूट काढून, गुडघे दुमडून, चहा आणि मुळ्याच्या लोणच्यासमोर बसलो. लोणच्याला कुणी हात लावला नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला लाजत हात पुढे करायचा, ही आमची रीत. पहिल्याच आग्रहाला खाणाऱ्याच्या घरी आम्ही मुलगी देत नाही.

"मोकळेपणाने बोला," साहेब म्हणाले. आम्ही मोकळेपणाने गप्प बसलो.

मग साहेबांनी दवाखान्याच्या बसचा विषय काढला. ही बस फुकीआजींच्या नवऱ्याला शहरात डायलिसिसला नेते. ती थांबली तर म्हातारा महिनाही काढणार नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. त्यासाठीच आजी पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या.

"आजी, बस चालू ठेवायची ना?"

"छे हो साहेब! आम्हा दोन म्हाताऱ्यांसाठी देशाला कशाला भुर्दंड?" आजी वाकून म्हणाल्या.

"असं कसं? संकोच करू नका. हवी ना बस?"

"नको, नको. निभेल आमचं कसंतरी."

आजींनी मान वर केली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या ओठांवर तयार होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. साहेब जन्मले याच गावात, वाढले याच लोणच्यावर.

"ऐकलंत?" साहेब सभेकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात त्याग! लाभार्थीने दोन वेळा स्वेच्छेने नकार दिल्याने सदर बस बंद करण्यास जनतेची मान्यता असल्याचे नोंदवण्यात येत आहे. कुणाची हरकत?"

हरकत घ्यायची म्हणजे साहेबांना रीत कळत नाही असं तोंडावर म्हणायचं, आणि आजी खोटं बोलल्या असंही. एवढा उद्धटपणा कोण करणार? गावमंडळाचे प्रमुख ओगिवारा यांनी टाळी वाजवली. मग आम्ही वाजवली. आजींनीही वाजवली, सवयीने.

आता वाचलेल्या पैशाचं करायचं काय? ओगिवारांनी सुचवलं, ओढ्यावर नवा पूल बांधावा आणि त्याला साहेबांचं नाव द्यावं. जुना पूल शेजारी धडधाकट उभा होता, पण त्याला कुणाचंच नाव नव्हतं.

"छे, छे! मी साधा सेवक."

"असं कसं, साहेब?"

"नको, खरंच नको. लोक काय म्हणतील?"

मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिसऱ्यांदा आग्रह केला. आम्हाला रीत कळते. साहेब लाजले आणि त्यांनी लोणच्याची फोड उचलली.

पूल झाला. त्यागमूर्ती म्हणून फीत फुकीआजींनी कापावी असं ठरलं. आजी दोनदा नको म्हणाल्या, आणि या वेळी साहेबांनी तिसऱ्यांदाही विचारलं. आजी एकट्याच आल्या.

"आजोबा नाही आले?" साहेबांनी आपुलकीने विचारलं.

"गेले हो ते हिवाळ्यात," आजी वाकून म्हणाल्या. "तुम्ही कामात असता, म्हणून कळवलं नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. फीत कापली गेली होती ना!

तुम्हाला आमचा राग आला असेल. त्या सभेत तुम्ही असता, तर बोलला असता? खरंच बोलला असता?

राहू द्या. तिसऱ्यांदा मी विचारत नाही.