गाडी मेक्सिकोत, मेश्रामकाका कापेलमध्ये

अन्याय झाला तो सुधाकर मेश्राम यांच्यावर. कधी? मार्च २०२० मध्ये. त्यांचं मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, रॉटरडॅमहून जहाजाने मेक्सिकोला निघालं आणि त्याच आठवड्यात ते स्वतः ज्या विमानाने जाणार होते ते रद्द झालं. विषाणूविरुद्ध मी पत्रक काढू शकत नाही. पुढचं सगळं मात्र इथल्या आपल्याच मराठी मंडळींनी केलं, आणि त्यांच्याविरुद्ध नक्की काढू शकते.

मेश्रामकाका रॉटरडॅमजवळच्या कापेलला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. एकटे. मूळचे नागपूरचे, नोकरी आयटीत. गाडी गेली आणि आपण राहिलो म्हणून ते रडत बसले नाहीत. मेक्सिको त्यांनी घरातूनच सुरू केला. रोज संध्याकाळी जेवणाच्या खुर्चीत बसायचं, लॅपटॉपवर तिथले रस्ते लावायचे आणि गाडी हाकायची. खुर्चीला पट्टासुद्धा! मी एकदा बेल वाजवली तर आतून ओरडले, "थांब पोरी, घाट लागला आहे!" घाट उतरल्यावर दार उघडलं. हातात तोर्तिया, म्हणजे मेक्सिकन पोळी, आणि तिच्यावर ठेचा.

आमच्या ग्रुपवर त्यांचे स्टिकर निघाले. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या ऑनलाइन कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, "काका, पेट्रोल किती लागलं?"

"डिझेल आहे बे," काका म्हणाले, आणि स्वतःही हसले.

विमानं सुरू झाली तसा लोकांना ऊत आला. आता का नाही जात? काकांचं ठरलेलं उत्तर, "रस्ता अजून मोकळा नाही." मग कोणी म्हणालं घाबरट, कोणी म्हणालं मुळात गाडीच नाही, सगळ्या थापा.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे असताना फोन वाजला. गाडी चालवताना फोन न घेणाऱ्या माणसाने चक्क पट्टा सोडला. पडद्यावर एक दमलेली बाई, गालांवर मास्कचे वळ. तिच्यामागे शेगडीवर काकांचा प्रेशर कुकर! ती मारिसोल, वेराक्रुझ बंदराजवळच्या हॉस्पिटलमधली नर्स. घरी म्हातारी आई, तिला लागण नको म्हणून ही घरी जात नव्हती. तिला राहायला गाडी द्याल का, असं बंदरावरच्या एजंटने काकांना विचारलं होतं, आणि काकांनी गाडीची किल्ली तिला देऊन टाकायला सांगितली होती. आता ते मोडक्या स्पॅनिशमध्ये तिला कुकरच्या शिट्ट्या समजावत होते.

फोन ठेवून म्हणाले, "मी गेलो तर ती राहील कुठे? ग्रुपवर सांगू नको हं. काहून उगाच टाळ्या?"

मी सांगते आहे. मारिसोल आता आईकडे परत गेली. गाडी रिकामी आहे, काकांची सुट्टीही मंजूर झाली. मी विचारलं, "एकटेच जाणार?"

ते खुर्चीचा पट्टा गुंडाळत राहिले. "शेजारी बसून नकाशा बघायला कोणी असतं तर... पण लोकांना कामं असतात."

स्टिकर बनवायला वेळ होता लोकांना! माझा प्रबंध अडकला नसता तर मीच गेले असते, तुमच्याकडे आलेच नसते. हसलात ना? मग उद्या काकांकडे जा आणि समोर उभं राहून म्हणा, "काका, मी येतो."