उजव्या हातासाठी मेहुणा

माझ्यासारखी कात्री चालवणारा दुसरा न्हावी दाखवा, मी दुकान बंद करतो! असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचो. आणि दुकान खरंच बंद करायची वेळ आली की हो!

झालं काय, एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दुकानातल्याच खुर्चीत, तिच्या पाठीवरून उजवा हात मागे टाकून, जरा डोळा लावला. उठलो तर उजवं मनगट ओल्या टॉवेलसारखं लोंबतंय! नस दबली होती. बायको मला फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली.

"व्यायाम करा, हात परत येईल," फिजिओ म्हणाले. "आणि डावा बांधून ठेवा, म्हणजे उजव्याला हलावंच लागेल."

बायकोने तिथल्या तिथे डाव्या हातावर उशीचा अभ्रा चढवून गाठ मारली. "महिनाअखेरपर्यंत मनगट उचललं नाही ना, तर दुकान माझा भाऊ चालवेल. कायमचं!"

माझा मेहुणा! ज्याने जन्मात फक्त बागेची कुंपणं कापली!

तोवर तात्पुरता म्हणून दुसऱ्याच दिवशी स्वारी ऐटीत खुर्चीमागे उभी. मी कोपऱ्यात व्यायाम म्हणून वाटीतली बटणं उचलतोय. उचलतोय कसली, सांडतोय! हात गेला तर मी उरलोच कुठे?

एकदा माझी प्रगती बघायला फिजिओ दुकानातच आले. "आलोच आहे तर केस कापून घेतो."

"नको!" मी ओरडलो.

"जळतात माझ्यावर," मेहुणा म्हणाला आणि सुरू झाला. उजवीकडचे केस जरा जास्त गेले. मग डावीकडचे जुळवले. ते आणखी जास्त गेले. फिजिओ खुर्चीत मस्त पेंगत होते. मेहुण्याने मशीन उचललं.

"अरे, ठेव ते खाली!"

"दाजी, फक्त सारखं करतो!"

मशीन थेट माथ्यावर! माझं टाळकंच सटकलं. धावलो. डावा हात अभ्र्यात, आणि काय सांगू, उजवं मनगट वर आलं, बोटं उघडली आणि मेहुण्याचा हात गच्च धरला!

मला रडूच फुटलं. माझा हात!

फिजिओ जागे झाले, माथ्यावरचा गुळगुळीत पट्टा चाचपला, माझं मनगट बघितलं आणि चक्क नाचायलाच लागले. "उचललंत! काय केलंत नेमकं?"

"याला थांबवलं!"

"मग हाच व्यायाम! हात पूर्ण सुधारेपर्यंत मेहुण्यांना दुकानातून हलवायचं नाही. त्यांनी कापायचं, तुम्ही थांबवायचं!"

बायको खूश. मेहुणा तर सामानसुमान घेऊन मुक्कामालाच आला.

फिजिओ अधूनमधून येतात, हात तपासतात, मेहुण्याची पाठ थोपटतात. केस कापायला मात्र समोरच्या दुकानात जातात!